कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर आधी उधारी वाचवा

आपल्या चोपड्यात कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे व्यापारी बंधूंना नव्याने सांगायला नको. अडावद, लासूर, धानोरा, थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा शेतकरी लग्नसराईला आणि सणाला कापड नेतो. कपाशी विकली गेली, केळीची कापणी झाली की पैसे आणून देतो. मधले पाच-सहा महिने त्याच्या आणि आमच्यामध्ये एकच दुवा असतो, तो म्हणजे खाते. पूर्वी हे खाते लाल बांधणीच्या वहीत असे. आता ते कॉम्प्युटरात असते. वही भिजली तर उन्हात वाळवता येत होती, फाटली तर चिकटवता येत होती. कॉम्प्युटर एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही तर मात्र भल्याभल्या शेठ लोकांचे हातपाय गळतात आणि त्या घाबरटपणात नको ते होऊन बसते.

आमच्या अनुभवाने सांगतो, बंद पडलेल्या कॉम्प्युटरने व्यापाऱ्याचे नुकसान क्वचित होते. नुकसान होते ते तो घाईघाईने दुरुस्त करण्यात.

कापडवाल्यांच्या दुकानात कॉम्प्युटर तसा उशिराच आला. त्याला कारण आहे. १९५७ च्या एका केंद्रीय कायद्याने कापड, साखर आणि तंबाखू या तीन वस्तूंवर राज्यांनी विक्रीकर घेण्याऐवजी केंद्राने जादा अबकारी कर वसूल करून राज्यांना वाटून द्यावा, अशी व्यवस्था झाली होती. हा कर गिरणीच्या पातळीवरच संपत असे. किरकोळ दुकानदाराला विक्रीकर कचेरीची पायरी फारशी चढावी लागत नसे, म्हणून त्याची कीर्द-खतावणी वहीतच सुखाने चालली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, कापडावर पाच टक्के कर लागला, सुरतच्या बाजारात त्या महिन्यात मोठा बंद झाला, आणि मग आमच्या भागातील लहानमोठ्या सर्वच दुकानांत गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर येऊन बसला.

आमच्याकडे तो त्याआधीच आला होता, थोरल्या मुलाच्या हट्टामुळे. त्यात आम्ही फक्त उधारी लिहीत होतो. २०११ च्या दिवाळीच्या तोंडावर तो सुरू होईना. काळी स्क्रीन, वर इंग्रजीत दोन ओळी, बस्स. दुकानात गर्दी. एका दुरुस्तीवाल्याला निरोप पाठवला. तो आला, तासभर बसला आणि म्हणाला, ‘‘शेठ, आता नव्यासारखा चालतो.’’ खरोखर चालत होता. आम्ही त्याला चहा पाजला, पैसे दिले, वरून दुवा दिली. संध्याकाळी मुनीमजींनी उधारी काढायला घेतली तेव्हा कळले की आत काहीच नाही. त्याने डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले होते. त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. दोष कोणाचा, हा वाद आम्ही त्याच्याशी घातला नाही, कारण उपयोग नव्हता.

त्या वेळी जे समजले ते व्यापारी बंधूंनी लक्षात घ्यावे. विकलेल्या मालाची नोंद परत मिळाली, कारण बिलबुकाच्या कार्बन कॉप्या होत्या. पण जमा? कोणी पाचशे दिले, कोणी बाजाराच्या दिवशी येऊन हजार टाकून गेला, त्याची पावती प्रत्येक वेळी फाडलीच जाते असे नाही. म्हणजे आमचे येणे कागदावर होते आणि लोकांनी फेडलेले पैसे हवेत गेले होते. हे उलटे झाले असते तर एक वेळ चालले असते, नुकसान आमचे झाले असते. इथे धोका असा होता की ज्याने पैसे दिले आहेत त्याच्याकडे आपण पुन्हा मागू.

एक म्हातारे शेतकरी त्या हंगामात आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘‘शेठ, मना हिसाब कितला शे?’’ आम्ही त्यांना खरे सांगितले की आमचा हिसाब गेला आहे, तुम्हीच सांगा. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. आम्ही तोच आकडा लिहिला. पुढे सर्वांनाच असे विचारले आणि ज्याने जी जमा सांगितली ती मान्य केली. बहुतेकांनी बरोबर सांगितले, काहींनी तर आमच्या अंदाजापेक्षा जास्त येणे सांगितले. काहीजण पुन्हा दुकानाकडे फिरकले नाहीत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तीत लहान-मोठी रक्कम असा फरक केलेला नाही. दोन्हीकडच्यांचा हक्क त्या लिखाणात असतो. वही हे आपल्या हातात असलेले इतरांचे अमानत आहे, ते आपण एका यंत्रात ठेवले, तर त्या यंत्राची थोडी समज आपल्याला असायला हवी, एवढाच आमचा मुद्दा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअर व्हा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, आजही स्क्रीनवरचे इंग्रजी आम्ही अडखळत वाचतो. तरी समजण्यासारखे बरेच आहे.

कॉम्प्युटर सुरू होणे म्हणजे सकाळी दुकान उघडण्यासारखे आहे. आधी पोऱ्या येतो, शटर वर करतो, दिवे लागतात की नाही पाहतो, पंखा फिरतो की नाही पाहतो. कॉम्प्युटरात हे काम मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला जुन्या यंत्रांत बायोस आणि नव्यात यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क सर्व जागेवर आहेत का ते तपासतो. मग तो डिस्कच्या सुरुवातीला ठेवलेली किल्ली शोधतो, तिला बूट लोडर म्हणतात. त्या किल्लीने विंडोजचे कुलूप उघडते. विंडोज आपली माणसे कामाला लावते, म्हणजे प्रिंटर, अँटीव्हायरस वगैरेंचे प्रोग्राम. आणि सर्वांत शेवटी टॅली उघडून मुनीमजी खाते काढतात.

आता पाहा, शटर अडकले म्हणून आपण दुकानातील थाने जाळून टाकतो का? पण कॉम्प्युटर सुरू झाला नाही की फॉरमॅट मारणे म्हणजे तेच करणे आहे. खाते डिस्कवर पडलेले असते आणि बहुतेक वेळा ते अगदी सुखरूप असते. गडबड तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली.

बटण दाबून काहीच झाले नाही, दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, तर तो विजेचा मामला आहे. आपल्या खानदेशात एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि व्होल्टेज वरखाली होते. आधी भिंतीवरचे बोर्ड, मग यूपीएस, मग आतला पॉवर सप्लाय अशा क्रमाने पाहावे. यूपीएसची बॅटरी मेली की कित्येक यूपीएस सुरूच होत नाहीत आणि आपण बिचाऱ्या कॉम्प्युटरला दोष देतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पाहावे. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पुष्कळदा काम होते.

पंखा फिरतो, बीप-बीप आवाज येतो आणि स्क्रीन काळी, असे असेल तर बहुधा मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते. कापड दुकानाचा स्वतःचा असा एक आजार आहे, तो इथे सांगतो. दिवसभर थाने उलगडली जातात, कापले जाते, झटकले जाते. त्याचा बारीक तंतू हवेत असतो आणि कॅबिनेटचा पंखा तो आत ओढतो. वर्षभरात आत गोधडी तयार होते. यंत्र तापते, आपोआप बंद पडते, मेमरीच्या खाचेत धूळ बसते. वायर काढून, झाकण उघडून, मऊ ब्रशने हा कचरा काढावा. दुरुस्ती करणारी मुले मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवतात, तो इलाज जुना पण चांगला आहे. किराणा दुकानदाराचा कॉम्प्युटर आणि आपला कॉम्प्युटर यांत हा फरक आहे. आपला जास्त वेळा साफ करावा लागतो.

स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही अशा अर्थाचा मजकूर आला तर घाबरण्याआधी पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का पाहावे. यंत्र कधी कधी त्यातच किल्ली शोधत बसते. तारीख-वेळ भलतीच जुनी दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो संपला की बायोस आपली सेटिंग विसरतो. सेल बदलणे स्वस्त आहे. पण डिस्कमधून ‘टक, टक’ असा आवाज येत असेल तर तिथेच हात थांबवावा आणि वीज बंद करावी. ती डिस्क शेवटचे श्वास घेत असते. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणे म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणे. चेकडिस्क नावाचा प्रोग्राम चांगला आहे, पण तो निरोगी डिस्कवर. मरणाऱ्या डिस्कवरून आधी माल बाहेर काढायचा असतो, आणि तो जाणकार माणसाने.

राहिला तो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. विंडोजचे चिन्ह येते, ठिपके गोल फिरतात आणि मग निळी स्क्रीन येऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे फेरे चालूच राहतात. आमच्याकडे २०२४ च्या रमजानमध्ये नेमके हेच झाले. तारीख १८ मार्च, सोमवार, सातवा रोजा. ईदची खरेदी सुरू झालेली. जीएसटीचे ३-बी विवरणपत्र २० तारखेला भरायचे होते. शेवटचा बॅकअप फेब्रुवारीअखेरचा, म्हणजे रमजानच्या खरेदीची सगळी उधारी फक्त त्या एका डिस्कवर होती. मुनीमजी म्हणाले, ‘‘शेठ, कोणाला तरी बोलावून फॉरमॅट मारून घेऊ, परवा विवरणपत्र भरायचे आहे.’’ आम्हाला २०११ आठवले. आम्ही म्हणालो, विवरणपत्र उशिरा गेले तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी लागेल आणि कराच्या रकमेवर व्याज लागेल. तेवढे देऊ. पण फॉरमॅट नाही.

मोहल्ल्यातला एक मुलगा जळगावात कॉम्प्युटरचे काम शिकला आहे. त्याला बोलावले. तो आला आणि त्याने सर्वांत आधी काय केले असेल तर मोबाइलने त्या निळ्या स्क्रीनचा फोटो काढला. म्हणाला, ‘‘चाचा, हा कोड लिहून ठेवला पाहिजे, एका क्षणात निघून जातो.’’ मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, बारकोडचे यंत्र, सगळ्या वायरी काढल्या. फक्त कीबोर्ड, माउस आणि स्क्रीन ठेवली. यंत्र दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडले की विंडोज दहा आणि अकरा स्वतःच दुरुस्तीचे पान उघडतात. ते पान आले. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे स्टार्टअप रिपेअर नावाचे बटण आहे, ते त्याने दाबले. बराच वेळ चाकाने गरगर केली आणि जमले नाही म्हणून सांगितले.

मुनीमजींनी आमच्याकडे पाहिले. मुलगा मात्र शांत होता. त्याच पानावर स्टार्टअप सेटिंग्ज आहे. तिथून यंत्र पुन्हा सुरू करून त्याने चार आकडा दाबला. हा सेफ मोड. स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत ती अक्षरे आली, चित्र मोठे आणि बेढब, पण विंडोज उघडले. सेफ मोड म्हणजे दुकान फक्त मालकाने उघडायचे, नोकरचाकर, फेरीवाले, दलाल कोणालाच आत घ्यायचे नाही. विंडोज अगदी आवश्यक तेवढेच प्रोग्राम चालवते. बाहेरच्या एखाद्या प्रोग्राममुळे भांडण होत असेल तर तो इथे येत नाही आणि यंत्र उठते. विंडोज सातच्या जुन्या यंत्रांत चिन्ह येण्याआधी एफ-आठ बटण सारखे दाबत राहिले की हाच पर्याय येत असे. नव्या यंत्रांत ते बटण सहसा चालत नाही, म्हणून जुन्या जाणकारांचीही फसगत होते.

विंडोज उघडले तसे मुनीमजी म्हणाले, ‘‘चला, झाले काम.’’ मुलाने हात वर केला. ‘‘काम आता सुरू होते.’’ त्याने नवा पेनड्राइव्ह लावला आणि टॅलीचा सगळा डेटा फोल्डर त्यावर उतरवला. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर. मग एक पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावून फोल्डर उघडला, आतल्या फाइलींची तारीख कालची आहे याची खात्री केली. एवढे झाल्यावरच तो दुरुस्तीकडे वळला. आम्हाला या पोराचा हा क्रम फार आवडला. २०११ मध्ये कोणी असे केले असते तर एका हंगामाचा हिसाब वाचला असता.

आजार निघाला तो असा. आदल्या संध्याकाळी दुकानातल्या एका पोऱ्याने चांगल्या हेतूने एक फुकटचे अँटीव्हायरस टाकले होते. आधी एक होतेच. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून भिडले. मुलाने सिस्टिम रिस्टोअर वापरून यंत्राची व्यवस्था अँटीव्हायरस टाकण्यापूर्वीच्या वेळेवर नेली. हे रिस्टोअर विंडोजची घडी जुन्या जागी नेते, आपल्या फाइलींना हात लावत नाही. मात्र ही सोय यंत्रात आधी चालू केलेली असावी लागते, कित्येक यंत्रांत ती बंदच असते. आमच्यात ती त्याच मुलाने पूर्वी कधीतरी चालू करून ठेवली होती. इफ्तारीच्या आधी यंत्र नीट उठले. ३-बी १९ तारखेला भरले गेले.

चारच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ रोजी, जगाने हाच प्रकार मोठ्या प्रमाणात पाहिला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पहारेकऱ्यानेच दार अडवले होते. आणि इलाज काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये उघडा आणि ती एक खराब फाइल काढून टाका. हे प्रत्येक यंत्रापाशी माणसाने बसून करायचे होते. हजारो कोटींच्या कंपन्यांचे इंजिनिअर त्या दिवशी तेच करत होते जे आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाने मार्चमध्ये केले होते.

त्या वेळी अनेक कंपन्यांची आणखी एक अडचण झाली, ती आपल्यालाही येऊ शकते. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचे कुलूप असते. पुष्कळ वेळा ते आपोआप लागते, मालकाला पत्ताही नसतो. यंत्र बिघडले आणि सेफ मोडमध्ये जाऊ लागलो की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर यंत्र सुरू केले त्या खात्यात असते. आणि ते खाते कोणाचे? बहुतेक वेळा ज्या दुकानातून यंत्र घेतले तिथल्या पोराचे, किंवा भाच्याचे, जो आता दुबईत आहे. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी काही वाचता येत नाही. आजच यंत्र चालू आहे तोवर ती किल्ली काढून कागदावर लिहा आणि तिजोरीत ठेवा.

बिटलॉकर नसेल आणि सेफ मोडही उघडत नसेल, तरी वाट संपत नाही. डिस्क बाहेर काढून एका साध्या यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते आणि डेटा उतरवता येतो. किंवा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून यंत्र त्याच्यावर चालवता येते, मग आतले विंडोज झोपलेलेच राहते आणि आपण मागच्या दाराने माल बाहेर काढतो. दुरुस्तीच्या पानावर रिसेट धिस पीसी हे बटणही असते आणि त्यात माझ्या फाइली ठेवा असा गोड पर्याय असतो. त्यावर विसंबू नये. तो आपली कागदपत्रे आणि फोटो ठेवतो, पण टाकलेले प्रोग्राम काढून टाकतो, आणि हिसाबाच्या प्रोग्रामचा डेटा त्याच्याच फोल्डरात असेल तर त्याची हमी धरता येत नाही. हे बटण डेटा बाहेर काढल्यानंतरचे आहे.

खरोखर काहीच वाचत नाही, असेही प्रसंग असतात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. तो पसरला युक्रेनमधील एका हिसाबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी. त्याने डिस्कची ती सुरुवातीची किल्लीच बिघडवली आणि फाइलींची यादी कुलूपबंद केली. यंत्र उठायचे ते खंडणीची मागणी दाखवायला. मार्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचा सारा कारभार ठप्प झाला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाचे जे टर्मिनल आहे, तिथेही काम हाताने करण्याची वेळ आली. कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. पण नव्याने उभे करायला मूळ नक्कल लागते. एका महत्त्वाच्या नोंदवहीच्या जगभरच्या सर्व प्रती एकदम नष्ट झाल्या होत्या. पुढे छापून आले की घानामधील एका कार्यालयात हल्ल्याच्या वेळी लाइट गेलेली होती, म्हणून तेवढी एक प्रत वाचली, आणि ती डिस्क माणसाच्या हातून इंग्लंडला नेण्यात आली. लोडशेडिंगला शिव्या देत आयुष्य काढलेल्या आम्हा खानदेशी लोकांना हे वाचून गंमत वाटली.

जीएसटीचे काही व्यापारी बंधू म्हणतात की आता सारे पोर्टलवर असते, कॉम्प्युटर गेला तरी काय बिघडते. अर्धे खरे आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेली बिले जीएसटीआर-१ मध्ये दिसतात, आपली खरेदी २-बी मध्ये दिसते, सुरतहून आलेल्या मालाचे ई-वे बिल असते. तेवढे परत काढता येते. पण अडावदच्या शेतकऱ्याला दिलेले धोतरजोडी आणि लुगडे पोर्टलवर नावानिशी नसते, ते किरकोळ विक्रीच्या एकत्र आकड्यात बुडालेले असते. त्याने दिलेली जमा तर कुठेच नसते. सरकारचा हिसाब सरकारकडे आहे, गरिबाचा हिसाब फक्त आमच्या डिस्कवर आहे. शिवाय जीएसटी नियमावलीचा ५७ वा नियम स्पष्ट सांगतो की इलेक्ट्रॉनिक हिसाबाचा बॅकअप असा ठेवावा की अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी वेळात परत मिळाव्यात. आणि वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या आहेत. तपासणी अधिकाऱ्यापुढे ‘कॉम्प्युटर उडाला’ हे उत्तर चालणार नाही.

बॅकअपबद्दल लोक एक चूक हमखास करतात. सी ड्राइव्हचा डेटा डी ड्राइव्हवर ठेवतात आणि निश्चिंत होतात. बहुतेक दुकानांतल्या यंत्रांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन कपाटे असतात. आग लागली तर दोन्ही जळणार. आम्ही आता दोन पेनड्राइव्ह ठेवतो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला दुकान बंद करण्याआधी मुनीमजी एकावर बॅकअप घेतात, तो घरी जातो आणि घरचा दुसरा शनिवारी दुकानात येतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप धाकट्या मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहतो आणि कोणत्याही तीन खातेदारांची बाकी दुकानातल्या बाकीशी ताडून घेतो. उघडून न पाहिलेला बॅकअप आम्ही बॅकअप मानत नाही, कारण एकदा तो रिकामा निघाला होता. आणि जमेची पावती आता दहा रुपयांची असली तरी फाडली जाते. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी.

ज्यांच्या यंत्रात अजून विंडोज दहा आहे त्यांनी एवढे जाणून घ्यावे की मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. यंत्र त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेची फुकटची नेहमीची डागडुजी थांबली. यंत्र बदलायचे असेल तर सीझन संपल्यावर, सवडीने बदलावे. आणि एक सांगायचे राहिले. स्क्रीनवर कधी निळे पान येऊन त्यावर फोन नंबर दिसला आणि ‘ताबडतोब फोन करा’ असे लिहिलेले असले, तर तो ठगाचा नंबर समजावा. विंडोजच्या खऱ्या निळ्या पानावर कोणाचा फोन नंबर नसतो.

आमच्या गल्ल्याशेजारी कॅबिनेटवर मुलाने एक चिठ्ठी चिकटवली आहे. मराठीत आणि उर्दूत, दोन्हीत. त्यावर आधी फोटो, मग वायरी काढा, मग सेफ मोड, मग पेनड्राइव्ह, असे लिहिले आहे. खाली लाल शाईने, फॉरमॅट हा शब्द कोणी उच्चारला तर आधी शेठना विचारा. मुनीमजींनी त्याखाली त्या मुलाचा मोबाइल नंबर लिहून ठेवला आहे, आणि गेल्या रमजानपासून पोऱ्याला कॉम्प्युटरला हात लावायची मनाई आहे, फक्त दर महिन्याला ब्रशने तंतू काढण्याचे काम त्याच्याकडे आहे.